स्वयंपाकघराच्या पायरीजवळचा गुलाब

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर बहुधा न थांबता पुढे निघून जाल. मी गुलाबाचं एक जुनं झुडूप आहे. फुलवाल्याकडे लांब दांड्याचे, ऐटबाज गुलाब मिळतात, तसा मी नाही. माझ्या फांद्या वाटेल तशा पसरलेल्या आहेत. माझी फुलं लहान, फिकट गुलाबी, आणि पाकळ्या अशा दाटीवाटीने बसलेल्या की जणू कुणीतरी घाईघाईत कोंबल्या आहेत. पण माझ्यात दोन गुण आहेत. मला सुगंध आहे आणि मी कडक ऊन सोसतो. या दोन गुणांपायी मी एका घराच्या मागच्या दारी आलो. पुढे त्या घरावर जे आलं ते मला जागच्या जागी उभं राहून पाहावं लागलं. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. म्हणून आज सांगतो आहे.

माझी सुरुवात झाली एका रोपवाटिकेत. पेन्सिलीएवढी जाड काडी कापून माळ्याने मला ओल्या वाळूत खोचलं आणि वर काचेची बरणी पालथी घातली. दीड महिन्याने मला मुळं फुटली, वर्षभराने पहिली कळी आली. माझ्या शेजारची मोठ्या फुलांची रोपं पटापट खपली. मी मात्र दोन वर्षं कोपऱ्यात पडून होतो. मग एका सकाळी पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या एक बाई आल्या. त्यांनी एकाही फुलाकडे पाहिलं नाही. डोळे मिटून त्या वाफ्यांमधून चालत राहिल्या आणि नेमक्या माझ्यापाशी थांबल्या.

"हा," त्या म्हणाल्या.

"बाई, तो दिसायला काही खास नाही हो," माळी म्हणाला. त्याला खरं बोलायची वाईट खोड होती.

"मी दिसायला कुठे घेतेय? याला ऊन चालेल का? माझं परसदार म्हणजे नुसती भट्टी आहे."

"ऊन खुशाल द्या. पण पहिला उन्हाळा दुपारची सावली करा. पाणी रोज चमचाभर घालत बसू नका. आठवड्यातून दोनदा घाला, पण मुळं तृप्त होतील इतकं. सकाळी घाला, बुंध्याशी. आणि पाणी साचू देऊ नका. हा उन्हाने मरायचा नाही, चिखलाने मरेल."

या बाई साबणाच्या कारखान्यात वासाची पारख करायच्या. तीस वर्षं. साबणाचा घाणा तयार झाला की आधी त्यांच्या नाकाखाली जायचा. त्या मान हलवतील तेव्हाच साच्यात ओतायचा. कारखान्यात सगळे त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणायचे, आणि त्यांनाही ते नाव मनातून आवडायचं. निवृत्त झाल्यावर आता स्वतःसाठी काहीतरी वास घ्यावा, म्हणून त्यांनी मला आणलं.

घरात दोघीच राहायच्या. बाईंचे यजमान वारले होते आणि मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. दुसऱ्या होत्या त्यांच्या नणंदबाई, बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. बाई त्यांना 'वन्सं' म्हणायच्या, म्हणून मीही वन्संच म्हणतो. वन्संचं लग्न झालं नव्हतं. चाळीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या आणि चाळीस वर्षं एकमेकींच्या चुका काढत आल्या. त्यातच त्यांचा जीव रमायचा.

बाईंनी मला स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीजवळ लावलं. गुडघाभर खड्डा खणला, त्यात कुजलेलं शेणखत आणि जाडी वाळू घातली. जमिनीवर वाळक्या पानांचा वीतभर थर पसरला, म्हणजे माती तापत नाही. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या बाजूला चार काठ्या रोवून जुनी चादर बांधली. थंडी सरता सरता त्या माझ्या फांद्या एक तृतीयांश छाटायच्या आणि छाटताना पुटपुटायच्या, "दुखतंय माहीत आहे. पण ऐक माझं."

मी त्यांचं ऐकलं. तिसऱ्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचलो. मागच्या गल्लीतून जाणारे लोक भिंतीपलीकडे थबकायचे आणि मान उंच करून वास घ्यायचे. बाई रोज सकाळी पायरीवर चहा घेऊन बसायच्या, पहिलं फूल नाकाशी धरायच्या, आणि मगच चहाचा पहिला घोट घ्यायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते. असे दिवस सहा वर्षं टिकले.

सातव्या वर्षी बाईंना मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी त्या बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, माझं फूल नाकाशी धरलं. मग दुसरं धरलं. मग तिसरं तोडलं, बोटांनी चुरगाळलं आणि त्यात नाक खुपसलं.

"यंदा याला वास नाही," त्या म्हणाल्या.

आतून वन्संचा आवाज आला. "नाही कसा? मला इथे पोळीच्या डब्यापर्यंत येतोय!"

 बाईंनी चुरगाळलेल्या पाकळ्या पुन्हा एकदा नाकाशी नेल्या. ते मी पाहिलं, आणि मित्रांनो, तेव्हापासून माझ्या मनातली भीती गेली नाही.

आधी त्यांनी दोष मला दिला. ऐन उन्हाळ्यात त्यांनी माझ्या बुंध्याशी खत टाकलं, मूठभर पुरे असताना तीन मुठी टाकलं. माझी पानं कडेने करपली. मग त्यांनी माती बदलली. मग म्हणाल्या, की हे झाड म्हातारं झालंय, काढूनच टाकते. फावडंही आणलं. तेवढ्यात माझ्या एका फुलावर चार मधमाश्या येऊन बसल्या. बाई त्या माश्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लाकडी पेटी होती. कारखान्यातल्या वासांच्या नमुन्यांची. बोटभर उंचीच्या बाटल्या, प्रत्येकीवर त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. पायरीवर बसून त्यांनी एकेक बूच उघडलं. चंदन. लवंग. संत्र्याची साल. कापूर. प्रत्येक बाटली नाकाशी धरायची, थांबायचं, बूच लावायचं, खाली ठेवायची. शेवटची बाटली होती अमोनियाची. तिचा वास घेतला तर झोपलेला माणूसही उठून बसतो. बाईंनी ती अगदी नाकाला लावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते त्या झणझणीनेच. मान हलली नाही.

त्यांनी पेटी बंद केली. "काही नाही झालेलं मला," त्या म्हणाल्या. समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यांनी कुणालाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण होता एक रविवार. मुलगा आला होता आणि पायरीवर उभा राहून बोलत होता.

"आई, तुम्ही दोघी इथे एकट्या. माझं कामात लक्ष लागत नाही. काही झालं तर?"

"काय व्हायचंय?"

"काहीही. तुला काही कमी-जास्त झालं ना, की मी या घराला कुलूप लावणार आणि तुम्हा दोघींना घेऊन जाणार. आत्यालाही सांगून ठेवलंय."

तो हे मायेने बोलला होता. पण बाईंच्या मनात ते कुलूप जाऊन बसलं. नाक गेलं हे कळलं की आधी स्वयंपाकघर जाईल, मग घर जाईल, असा त्यांनी हिशेब बांधला. म्हणून त्या नाटक करू लागल्या. पाहुण्यांसमोर माझं फूल नाकाशी धरायच्या आणि "वा!" म्हणायच्या. वन्संनी "आज काय खमंग वास सुटलाय गं!" म्हटलं की त्या लगेच म्हणायच्या, "मघाच आला मला." वासाचं काम त्यांनी कानांवर सोपवलं. फोडणी तडतडली की कळायचं, दूध सूं करू लागलं की कळायचं.

पण कान सगळं सांगत नाहीत. मी खिडकीतून पाहत होतो. एकदा डाळ तळाशी करपून धूर निघेपर्यंत त्या शांतपणे कांदा चिरत होत्या. एकदा आंबलेली भाजी त्यांनी वन्संच्या ताटात वाढली. वन्संनी घास तोंडाजवळ नेला, बाईंकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"वहिनी, तुला बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तुमच्याच जिभेची चव गेलीय!"

वन्संनी ताट उचलून मोरीत ठेवलं. पुन्हा विचारलं नाही. अजूनही वाटतं, त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं. दोन वर्षं अशी गेली. घरात दोघी होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक गोष्ट बसली होती. तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. मी ऊन सोसणारा, पण तसं ऊन मीही कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरची वेल आठ दिवसांत वाळून काडी झाली. शेजारच्या कुंपणाची पानं तपकिरी पडली. सकाळी नऊलाच हवा तव्यासारखी व्हायची. लोकांनी खिडक्या लावल्या, ओल्या चादरी टांगल्या, आणि गल्ली दिवसभर मेल्यासारखी पडून राहिली. पक्षी दिसेनासे झाले. दुपारी वीज जायची ती पाच वाजता यायची.

वन्संना पलंगावर गरम व्हायचं. म्हणून त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत गार फरशीवर चटई टाकून झोपायच्या. मधलं दार उघडं ठेवायच्या, बाकी सगळ्या खिडक्या बंद.

त्या दिवशी चारच्या सुमारास बाईंनी चहासाठी दूध मंद आचेवर ठेवलं. खिडकीच्या काचेतून त्यांना मी दिसलो. माझे शेंडे माना टाकून लोंबत होते. "अरे, अरे," त्या म्हणाल्या, "तुला एक बादली घालून येते." दुपारी झाडाला पाणी घालू नये हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण माया आड आली. त्यांनी मागचं दार ओढून घेतलं, ऊन आत यायला नको म्हणून. बुंध्याशी हळूहळू पाणी ओतलं. मग वाळक्या पानांचा थर सारखा केला. मग माझी करपलेली पानं खुडत बसल्या.

आत दूध उतू गेलं. आवाज बंद दाराआड राहिला. ज्योत विझली, आणि गॅस मात्र सुरूच राहिला.

मित्रांनो, तो गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो. ओट्यावरून तो फरशीवर उतरला आणि फरशीवरून शेजारच्या खोलीकडे सरकला, जिथे वन्सं चटईवर झोपल्या होत्या. थोडा मागच्या दाराच्या फटीतून पायरीवर आला आणि माझ्या बुंध्याशी साचला. सडक्या कांद्यासारखी घाण. माझ्या फुलावर एक माशी होती, ती उडून गेली. बाई त्याच पायरीपासून दोन हातांवर बसून पानं खुडत होत्या, आणि गुणगुणत होत्या.

फार वेळ गेला. मी काय करू शकत होतो? मी तिथे उभा होतो, एवढंच.

शेवटी बाई उठल्या, कमरेवर हात ठेवून काचेतून आत डोकावल्या. "गेलं वाटतं उतू. आपसूक विझलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. लायटर बिघडल्यापासून काडेपेटी त्यांच्या खिशात असायची. त्यांनी ती काढली. अंगठ्याने उघडली. एक काडी बाहेर काढून तयार धरली आणि पायरीवर पाय ठेवला.

तेव्हा त्यांची बाही माझ्या काट्यांत अडकली. मी अडवलं, असं मी म्हणणार नाही. गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि फांदी हलली, इतकंच. "सोड रे मेल्या," बाई म्हणाल्या. काडी दातांत धरून त्या बाही सोडवू लागल्या.

मागचं फाटक वाजलं. वीज खात्याचा वायरमन होता, गल्लीतल्या खांबाची तपासणी करून मीटर बघायला आलेला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. दोन पावलं आत आला आणि जागीच थांबला.

"बाई! काडी टाका ती! टाका आधी!"

"का रे बाबा? काय झालं?"

"गॅस सुटलाय घरात! वास नाही का येत तुम्हाला?"

बाईंनी तोंडातली काडी हातात घेतली. तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"नाही येत," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. "मला वास येत नाही."

"आत कोण आहे?"

"वन्सं! माझ्या वन्सं आहेत आत!"

"किती वाजले?" त्याने स्वतःच मनगटावर पाहिलं. पाचाला सात कमी. पाचला वीज येणार होती. वन्संचा पंखा चालू स्थितीतच होता, फ्रिज होता. एक ठिणगी पुरली असती. वायरमन बाहेरच्या भिंतीवरल्या मीटरकडे धावला आणि त्याने मुख्य फ्यूज उपटून खिशात घातला. मग रुमाल बादलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात बुडवून तोंडाला बांधला, श्वास रोखला आणि दार ढकललं. त्याने शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, आतली खिडकी सताड उघडली. बाईंना त्याने बाहेरच थांबायला सांगितलं होतं, पण त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. त्याने वन्संना काखेत धरून उचललं तेव्हा पाय बाईंनी धरले होते.

दोघांनी वन्संना अंगणात फाटकापाशी नेऊन झोपवलं. त्यांचे ओठ निळसर पडले होते. बाई त्यांच्या गालांवर थापट्या मारत होत्या. "वन्सं, अहो, शिव्या द्या मला! काहीतरी बोला!"

आणि पाच वाजले. गल्लीतल्या सगळ्या घरांत एकदम पंखे घरघरले, कुठेतरी रेडिओ लागला. आमच्या घरात काहीच झालं नाही. ते शांत राहिलं. त्या शांततेचा मला असा धाक बसला की आजही पाच वाजले की माझी पानं आखडतात.

मग वन्संना उलटी झाली, आणि त्यांनी डोळे उघडले.

पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या. जीव वाचला, पण छातीत घरघर राहिली ती राहिलीच. चार पावलं चालतानाही त्यांना मध्ये बसावं लागायचं. घरी आल्या त्या संध्याकाळी दोघी अंगणात बसल्या होत्या.

"कधीपासून?" वन्संनी विचारलं.

"तापापासून."

"दोन वर्षं? आणि मी रोज समोर बसत होते तुझ्या."

"घर जाईल म्हणून नाही सांगितलं."

वन्सं बराच वेळ धाप सावरत राहिल्या. "घर गं काय," त्या म्हणाल्या, "मी गेले असते तर भांडली असतीस कुणाशी?"

बाई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. नंतर त्या माझ्यापाशी आल्या, फूल नाकाशी न धरता नुसतं बोटांत धरलं. "वास तुझ्यात होता रे," म्हणाल्या. "उगीच तुला बोल लावला मी."

डॉक्टरांनी सांगितलं की वासाची नस तापातच गेली, आता परत येणार नाही. मुलगा आला तेव्हा तो एक शब्दही कुलुपाचा बोलला नाही. बोलल्या त्या बाई. "वन्संना इथलं ऊन झेपणार नाही. आम्हाला घेऊन चल. घर बंद कर." ज्या गोष्टीच्या भीतीने त्यांनी सगळं लपवलं, ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितली. 

निघायच्या दिवशी मला हलवता येईल का, असं त्यांनी माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, इतक्या खोल गेलेल्या मुळांचं झाड उन्हाळ्यात उपटलं तर जगत नाही. म्हणून मी इथेच राहिलो. खिडकीला आतून कागद लावला आहे. आत काय आहे ते मला आता दिसत नाही. वायरमन खांबाच्या कामाला आला की फाटकावरून वाकून डबाभर पाणी घालतो. तो नाही आला तर मी मुळं आणखी खोल घालतो. यंदाचं ऊन गेल्या वर्षापेक्षा लवकर सुरू झालं आहे. मी अजून फुलतो. त्या दोघींचा निरोप अधूनमधून वायरमनच्या फोनवर येतो, आणि तो मला मोठ्याने वाचून दाखवतो. लोक त्याला वेडा म्हणतात. म्हणोत.

मित्रांनो, झाडाला पाणी कमी पडलं तर पानं सांगतात. मुळाशी पाणी साचलं तर पिवळी पडून सांगतात. माणसं मात्र आपलं दुखणं झाकून ठेवतात, आणि जी शहाणी, ताठ, कामात तरबेज असतात, ती तर सगळ्यांत जास्त झाकतात. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी "मला काही झालेलं नाही" असं फार चटकन म्हणालं, तर तिथेच थांबू नका. त्यांच्याजवळ बसा. पुन्हा विचारा. ते रागावतील, अंगावर येतील, तुमचीच चूक काढतील. काढू द्या, आणि तरीही विचारा.